तण आणि हिरवळ



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आजच्या विषयाचे नाव वाचून काही मंडळींच्या कपाळाला आठी पडली असेल. जिथे इतिहासावर, साहित्यावर, अर्थकारणावर बोलले जाते, तिथे गवतावर काय बोलायचे, असे कोणाला वाटले तर त्यात नवल नाही. आपल्या भाषेतच गवताला मान नाही. एखाद्याची योग्यता काढायची असली म्हणजे आपण त्याला काडीची किंमत देत नाही. वस्तुतः भात, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी ही सगळी गवताच्याच कुळातली मंडळी. ज्या उसाच्या गुळावर कोल्हापूरची पेठ उभी राहिली तो ऊसही गवतच. तेव्हा गवताला तुच्छ लेखण्याचा अधिकार निदान कोल्हापूरकरांना तरी नाही.

पण आज मला पिकांविषयी बोलायचे नाही. मैदानावर, बागेत, अंगणात जी हिरवळ असते, तिच्यात शिरणाऱ्या तणाविषयी आणि ते तण काढण्यासाठी शास्त्रज्ञांनी काय काय केले याविषयी बोलायचे आहे. विषय लहान दिसतो, परंतु त्यात आपल्या मुलांच्या खेळाचा, भांगलणीला जाणाऱ्या बायकांच्या हातांचा आणि आपल्या शहराच्या मोकळ्या जागांचा प्रश्न गुंतलेला आहे.

आरंभीच एक प्रश्न विचारतो. तण म्हणजे काय? कोणी म्हणेल, निरुपयोगी वनस्पती म्हणजे तण. हे उत्तर टिकते का, ते हरळीला लावून पाहू. उसाच्या फडात हरळी शिरली म्हणजे शेतकरी डोक्याला हात लावतो. कुळवाने तुकडे करावेत तर प्रत्येक तुकडा फुटतो, आणि एकाच्या जागी दहा हरळ्या उभ्या राहतात. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेतल्या हौद्यात, तांबड्या मातीत, हरळीचा एक कोंब दिसला तरी वस्ताद तो उपटून टाकतील. आता तीच हरळी फुटबॉलच्या मैदानावर न्या. तिथे ती उगवावी म्हणून आपण पाणी घालतो, खत घालतो, माणूस नेमतो. आणि भाद्रपदात तिचीच कोवळी पाती एकवीस मोजून गणपतीला वाहतो आणि तिला दूर्वा म्हणतो! वनस्पती एकच. फडात ती शत्रू, हौद्यात उपद्रव, मैदानावर ठेव आणि देव्हाऱ्यात पूजा.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे लेरॉय होम आणि त्यांचे सहकारी यांनी १९७७ मध्ये जगातल्या सर्वांत उपद्रवी तणांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पहिला क्रमांक लव्हाळ्याला आहे आणि दुसरा आपल्या हरळीला. पहिल्या क्रमांकाच्या या लव्हाळ्याच्या गाठींना आयुर्वेदात 'मुस्ता' म्हणून औषधाचा मान आहे. यावरून एवढेच ठरते की तण ही वनस्पतीची जात नव्हे. वनस्पती, जागा आणि त्या जागेकडून माणसाची असलेली अपेक्षा या तिघांच्या नात्याचे ते नाव आहे. ही गोष्ट मनात पक्की धरली म्हणजे पुढचे सारे समजायला सोपे जाते.

आता हिरवळ हा प्रकार काय आहे ते पाहू. झाडाचा शेंडा खुडला तर झाडाची उंची खुंटते. गवताचे तसे होत नाही, कारण गवताचा वाढता कोंब शेंड्याला नसून अगदी जमिनीलगत, पानांच्या वेष्टनात दडलेला असतो, आणि पातेही बुडाकडून वाढते. गाईने वरचे खाल्ले, विळ्याने कापले, तरी खालून नवे पाते सरकत वर येते. वारंवार कापणे ही गवताला शिक्षा नसून त्याच्या शत्रूंना शिक्षा आहे. उंच वाढू पाहणारी तणे कापणीत मागे पडतात, आणि आडवे पसरणारे गवत मोकळी झालेली जागा व्यापते. हिरवळ कापण्याचे पहिले यंत्र इंग्लंडात एडविन बडिंग नावाच्या कारागिराने १८३० मध्ये केले. कापडाच्या गिरणीत विणलेल्या कापडावरची लव एकसारखी कातरण्याचे फिरत्या पात्यांचे यंत्र असे; त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. आपल्या शेजारी इचलकरंजी आहे, तेव्हा मागावरचे कापड आणि मैदानावरची हिरवळ यांचे हे नाते आपल्याला परके वाटू नये.

परंतु यंत्राने सगळी तणे हटत नाहीत. काही तणे कापणीच्या पात्याखाली अंग चोरून बसतात. आंबुशी जमिनीला चिकटून पसरते. गोखरू मैदानभर लोळतो आणि त्याचे काटे अनवाणी खेळणाऱ्या पोरांच्या तळव्यांत रुततात. परदेशांतल्या हिरवळीत डँडेलियन नावाचे पिवळ्या फुलांचे तण असेच पाने भुईसपाट पसरून बसते. अशा तणांना गवताच्या मधून वेचून मारावे कसे? आणि असे मारावे की गवताचे पातेही वाकडे होऊ नये?

या प्रश्नाचे उत्तर ज्या वाटेने आले ती वाट मोठी मनोरंजक आहे. १८८० मध्ये चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी वनस्पतींच्या हालचालींवर ग्रंथ लिहिला. गवताचा कोवळा कोंब उजेडाकडे वळतो हे आपण सारेच पाहतो. पण या बापलेकांनी कोंबाच्या टोकावर टोपी घातली, आणि कोंब वळेनासा झाला. उजेड जाणवतो टोकाला आणि वाकणे घडते खाली. तेव्हा टोकाकडून खाली काहीतरी निरोप जात असला पाहिजे, असे त्यांनी अनुमान केले. हा निरोप म्हणजे एक रासायनिक द्रव्य आहे, हे हॉलंडमधील उत्रेख्त येथे फ्रिट्स वेंट यांनी १९२६ च्या सुमारास ओटच्या कोंबांवर प्रयोग करून दाखवले. त्या द्रव्याला ऑक्झिन म्हणतात. ते वाढीचे द्रव्य आहे. थोडे असले तर वनस्पती वाढते. फाजील झाले तर तिची सारी शिस्तच बिघडते.

शिकागो विद्यापीठात एझ्रा क्राउस नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. वाढवणारे द्रव्य जास्त प्रमाणात दिले तर ते मारकही ठरेल, तेव्हा त्याचा तणावर उपयोग का करू नये, असा विचार त्यांनी १९४१ च्या सुमारास मांडला. याच सुमारास इंग्लंडातही त्याच दिशेने संशोधन चालले होते. काळ महायुद्धाचा असल्यामुळे यातले बरेच काम गुप्तपणे चालले. शत्रूची पिके मारता येतील काय, हाही हेतू त्यामागे होता. युद्ध संपत आले तेव्हा, १९४४ मध्ये, अमेरिकेच्या शेतीखात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील केंद्रातील पॉल मार्थ आणि जॉन मिचेल यांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी टू-फोर-डी नावाचे कृत्रिम ऑक्झिन हिरवळीवर फवारले. डँडेलियन पिळवटून मेले आणि गवत जसेच्या तसे राहिले. आज जगभर शेतांत वापरल्या जाणाऱ्या या तणनाशकाचे एक पहिले प्रात्यक्षिक अशा प्रकारे हिरवळीवर झाले.

गवत वाचते कसे? एक तर गवताची पाती अरुंद व उभी असतात, त्यांच्यावरून थेंब ओघळतो. रुंद पानावर तो बसून राहतो. दुसरे, गवताचा कोंब दडलेला असतो हे मी सांगितलेच. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, गवताच्या अंगात हे द्रव्य फार फिरत नाही आणि जे शिरते त्याचे निरुपद्रवी रूप करण्याची शक्ती गवतात असते. रुंद पानांच्या वनस्पतीत मात्र ते अन्नरसाबरोबर मुळापर्यंत पोचते, पेशी वेड्यावाकड्या वाढू लागतात, देठ पिळतात, वाहिन्या कोंडतात आणि वनस्पती मरते.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग प्रश्न सुटला! तसे नाही. हे औषध गवताला मारीत नाही, म्हणूनच उसात शिरलेल्या हरळीपुढे ते हतबल आहे. लव्हाळ्याचे वरचे पाते करपते, पण जमिनीखाली माळेसारख्या ओवलेल्या गाठी जिवंत राहतात. आपण ज्याला गवत समजतो तो लव्हाळा गवत नव्हेच. त्याची फुलोऱ्याची दांडी बोटांत धरून फिरवून पाहा, तीन कडा हाताला लागतील. हरळीची काडी अशी तिकोनी लागणार नाही. शत्रू ओळखल्यावाचून औषध घेणे म्हणजे पैसा मातीत घालणे. शिवाय वारा असता फवारलेले औषध बांध ओळखत नाही. उसावर मारलेल्या टू-फोर-डीचे तुषार शेजारच्या वांग्या-टोमॅटोवर गेले तर पाने आकसतात. द्राक्षवेल तर या औषधाला फारच हळवी. तासगाव-मिरजेकडच्या बागाइतदारांना हे निराळे सांगायला नको. उसात भुईमूग किंवा सोयाबीनचे आंतरपीक घेतले असेल तर तेही हे औषध खाऊन टाकील.

माणसाच्या प्रकृतीचाही प्रश्न आहे. व्हिएतनामच्या युद्धात जे कुप्रसिद्ध मिश्रण जंगलांवर फवारले गेले त्यातला अर्धा भाग हेच द्रव्य होते. त्यातले भयंकर विष मुख्यतः दुसऱ्या भागातल्या अशुद्धीचे होते, हे खरे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ मध्ये टू-फोर-डीची गणना कर्करोगाचे संभाव्य कारण असलेल्या पदार्थांत केली. पाठीवर पंप घेऊन, हातमोजे नाहीत, तोंडाला फडके नाही, अशा स्थितीत फवारणी करणारा मजूर आपण रोज पाहतो. ज्या मैदानावर मुले लोळणार तिथे हे द्रव्य सर्रास वापरावे काय, याचा विचार मोठ्यांनी करायचा आहे.

आता मी आपल्याला दुसऱ्या एका शास्त्रज्ञाची ओळख करून देतो. तण मारण्याऐवजी त्याने तणाच्याच कुळातून जागेला योग्य असा रहिवासी शोधला. त्यांचे नाव ग्लेन बर्टन. १९३६ मध्ये ते अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील टिफ्टन या गावी संशोधन केंद्रावर रुजू झाले आणि २००५ मध्ये वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी वारले. त्यांचा मुख्य विषय हरळी. तिकडे तिला बर्म्युडा गवत म्हणतात. जॉर्जिया हा कापसाचा मुलूख. तिथल्या शेतकऱ्यांचे आयुष्य, आपल्या शेतकऱ्यांप्रमाणेच, हरळीशी झगडण्यात गेलेले. बर्टन यांनी मात्र कापसाच्या जुन्या शेतात सापडलेल्या एका जोमदार हरळीचा आफ्रिकेतून आणलेल्या हरळ्यांशी संकर केला, हजारो रोपे पारखली, आणि १९४३ मध्ये 'कोस्टल' नावाचा वैरणीचा वाण दिला. त्याला उगवणारे बी जवळजवळ येतच नाही; त्यामुळे तो शेजाऱ्याच्या शेतात बियांनी पसरत नाही. ज्या गवताशी बाप लढला त्याचीच लेकाने जनावरांसाठी लागवड केली!

पुढे त्यांनी खेळाच्या मैदानांकडे लक्ष वळवले. आपली हरळी आणि आफ्रिकेतली एक बारीक पात्याची हरळी यांच्या संकरातून टिफग्रीन, टिफवे, टिफड्वार्फ असे वाण निघाले. टिफवेची कथा तर ऐकण्यासारखी आहे. योहान्सबर्गहून आलेल्या आफ्रिकी हरळीच्या बियांत १९५४ मध्ये एक रोप निराळे दिसले. निसर्गाने आपण होऊनच संकर करून ठेवला होता. बर्टन यांच्या नजरेने ते टिपले, आणि १९६० मध्ये तो वाण जगापुढे आला. आपल्या रोपवाटिकांतही तो 'चारशे एकोणीस' या नुसत्या आकड्याने मागितला जातो. हा वाण वांझ आहे, त्याला बी येत नाही. तुकडे लावूनच तो वाढवावा लागतो. त्याची वीण इतकी दाट की तणाच्या बियाला उजेड मिळत नाही, आणि उजेडावाचून पुष्कळशा तणांचे बी रुजतच नाही. माझ्या आजच्या भाषणाचे सार येथे आहे. तणाला खरी भीती औषधाची नसते; त्याला भीती असते ती सावलीची, म्हणजे जागा आधीच व्यापलेली असण्याची.

याच बर्टन यांचे एक ऋण महाराष्ट्रावरही आहे. त्यांनी बाजरीचा टिफ्ट २३ ए हा नरवंध्य वाण तयार केला. तो वापरून लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात भारताची पहिली संकरित बाजरी, एच.बी. १, १९६५ मध्ये तयार झाली. आपल्याकडच्या कोरडवाहू भागातही 'हायब्रीड बाजरी' हा शब्द त्यानंतर घरोघर झाला. परंतु सर्वत्र एकाच आईची लेकरे पेरल्यामुळे १९७० नंतरच्या थोड्याच वर्षांत केवडा रोगाने, ज्याला शेतकरी गोसावी म्हणतात, त्या पिकाची धूळधाण केली. पुढे नवे वाण आले आणि बाजरी सावरली. मैदानांनाही हा धडा लागू आहे. गावोगाव एकच वांझ वाण लावून निश्चिंत बसणे शहाणपणाचे नाही. आपल्या मातीत, आपल्या पावसात मुरलेली गावठी हरळीही जपली पाहिजे.

आता घराकडे येऊ. आपल्या मोकळ्या जागांवरचा आजचा मोठा शत्रू म्हणजे गाजरगवत. नावात गवत असले तरी ते गवत नव्हे. ते झेंडूच्या, सूर्यफुलाच्या कुळातले आहे. पान गाजरासारखे म्हणून हे नाव. १९५५ मध्ये पुण्यात उकिरड्यांवर ते आढळले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या पी.एल. ४८० योजनेतल्या गव्हाबरोबर ते आले असे सर्रास सांगितले जाते. पण त्या योजनेचा भारताशी झालेला करार ऑगस्ट १९५६ मधला, आणि पुण्यातली झाडे त्याच्या आदल्या वर्षीची! म्हणजे त्या कराराच्या आधीच हा पाहुणा आपल्या घरात होता. एक झाड हजारो बिया टाकते. ते हाताळणाऱ्यांपैकी अनेकांच्या अंगाला खाज सुटते, कातडी फुटते. भांगलणीला जाणाऱ्या बायकांना हा त्रास सर्वांत अधिक, कारण खुरपे एका हातात आणि तण दुसऱ्या उघड्या हातात.

यावर बंगलोरच्या उद्यानविद्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मेक्सिकोहून एक भुंगा आणला. तो गाजरगवताची पाने खातो आणि १९८४ पासून तो मोकळा सोडण्यात आला. पावसाळ्यात त्याची फौज गाजरगवत फस्त करताना आपल्या जिल्ह्यांतही दिसते. मात्र कोरड्या दिवसांत तो मातीत दडून बसतो. दुसरा उपाय टाकळ्याचा. टाकळा दाट उगवला म्हणजे गाजरगवताला जागा उरत नाही, आणि टाकळ्याची कोवळी भाजी तर पहिल्या पावसात आपण आवडीने खातो. येथेही तत्त्व तेच आहे. मारून मोकळी केलेली जागा मोकळी राहत नाही. तिथे तुम्ही कोणाला तरी बसवले पाहिजे, नाहीतर जुना पाहुणा परत येईल.

कोल्हापूर हे फुटबॉलचे गाव. पेठापेठांतल्या तालमींचे संघ मैदानात उतरले म्हणजे सारे गाव लोटते. पण या वैशाखात शहरातल्या कोणत्याही उघड्या मैदानावर जाऊन उभे राहा. पायाखाली धूळ आहे. वर्षभर तिथे पाय पडतात, गाड्या उभ्या राहतात, मांडवांचे खांब रोवले जातात. माती दगडासारखी घट्ट होते, हरळीची मुळे गुदमरतात, आणि ज्येष्ठात पहिला पाऊस पडला की त्या उघड्या अंगावर गाजरगवत आणि गोखरू चढतात. मग आपण म्हणतो, तण फार झाले, औषध मारा. मैदानाची हेळसांड हा रोग आहे आणि तण हे त्याचे लक्षण आहे.

उपाय खर्चिक नाहीत. पावसाच्या तोंडाला मैदानाची माती सैल करून हरळीचे मुळ्यांसकट तुकडे लावावेत आणि ती पसरेपर्यंत मैदानाला विश्रांती द्यावी. एका वेळी पात्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कापू नये. अगदी खरडून काढलेली हिरवळ तणाला आमंत्रण देते. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटावे, आणि हातमोजे दिल्यावाचून कोणाही बाईमाणसाला ते उपटायला सांगू नये. गोखरू फळ धरण्यापूर्वी काढावा. लव्हाळ्याच्या गाठी पुन्हा पुन्हा खणाव्या लागतात, कारण नव्या रोपाला काही आठवड्यांतच नव्या गाठी धरतात. झाडाच्या गर्द सावलीत हरळी लावण्याचा हट्ट धरू नये. तिला ऊन हवे. एवढे करूनही एखादा चिवट तुकडा उरला तर तेवढ्यावर, वारा पडलेला असताना, जाणत्याच्या सल्ल्याने आणि मुलांना दूर ठेवून औषध जरूर वापरावे. औषधाचा मी वैरी नाही. सेनापतीचे काम मात्र त्याच्याकडे देऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

कोणी विचारील, हे सारे करायचे कोणी? नगरपालिकेने की महानगरपालिकेने, तालमीने की शाळेने? मी म्हणतो, मैदानावर ज्याचा हक्क त्याचेच ते कर्तव्य. ज्या तालमीचे पोर तिथे खेळते त्या तालमीने पावसाळ्यातले चार रविवार द्यावेत. आणि खुरपे हातात धरणाऱ्या ज्या बायका हे काम पोटासाठी करतात, त्यांना हातमोजे आणि योग्य मजुरी द्यावी. हरळीच्या आणि लव्हाळ्याच्या खोडी त्यांना जितक्या ठाऊक आहेत तितक्या आम्हा पुस्तकी माणसांना ठाऊक नाहीत. त्यांच्या हातचे काम औषधाच्या डब्याने काढून घेण्यापूर्वी आपण दोनदा विचार करावा.

मोकळी जमीन निसर्गाला सहन होत नाही. तिथे आपण काही लावले नाही तर तो लावतो. आणि त्याची निवड आपल्या सोयीची असेलच असे नाही. हे मैदानाच्या बाबतीत जितके खरे तितकेच आपल्या मुलांच्या मोकळ्या संध्याकाळींच्या बाबतीतही खरे आहे. मैदान हिरवे राहिले तर त्या संध्याकाळी तिथे जातील.